शेवटचा शब्द महाराजांचाच

"एकतर शेवटचा शब्द माझा राहील असं करा," उदाजीराव महाराज गरजले, "नाहीतर तो सर्व्हर बंद करा!"

बोरगडच्या राजवाड्यात, लोणच्याच्या बरण्यांच्या कोठीत, गप्पांचा एक छोटासा सर्व्हर ठेवलेला होता. महाराजांनीच मोठ्या हौसेने बसवून घेतला होता. संस्थानातल्या सगळ्या गावांनी फोनवरून त्यात यायचं आणि दरबारात बोलावं तसं बोलायचं. पण दरबारात महाराज बोलले की विषय संपे. सर्व्हरवर विषय काही संपेना. महाराजांनी काहीही लिहिलं की रीतीप्रमाणे तीनशे जण खाली लिहीत, "जशी आज्ञा." म्हणजे शेवटचा शब्द त्यांचा झाला! मग महाराज लिहीत, "ठीक आहे." की पुन्हा तीनशे वेळा "जशी आज्ञा." आठवडाभरात महाराजांचा अंगठा सुजला आणि त्यावर हळदीचा लेप चढला.

शहरातून दोन संगणकपंडित आणले. पहिल्याने महाराज सोडून सगळ्यांची तोंडं बंद करून टाकली. तासाभरात महाराज जांभया देऊ लागले. दुसऱ्याने सेटिंग असं केलं की महाराज बोलले की सर्व्हरला तासभर कुलूप. महाराजांनी सहज "शुभ सकाळ" लिहिलं आणि तिकडे नदीपलीकडे अख्खं वऱ्हाड नवरदेवासकट तासभर काठावर अडकलं, कारण नावेला बोलवायचं ते याच सर्व्हरवरून. मुहूर्त टळला आणि गुरुजी सगळ्यांवर चिडले.

ती नाव चालवायची ठकू. नावाड्याची लेक. सर्व्हर नव्हता तेव्हा माणसं पैलतीरावरून ओरडून ओरडून घसा बसवत, आणि अडलेल्या बाया काठावर ताटकळत. सर्व्हर बंद होणार हे तिच्या कानावर आलं. नाव खुंट्याला बांधून ती तडक वाड्यावर आली.

"म्हाराज, मी करते की!"

"ऐक पोरी," महाराज म्हणाले. "कुणाचं तोंड बंद करायचं नाही. कुलूप लावायचं नाही. मी हा अंगठा हलवणार नाही. आणि शेवटचा शब्द माझाच. एक जरी फट सापडली, तर वायर मी माझ्या हाताने उपटीन."

प्रधान त्र्यंबकपंत मिशीतल्या मिशीत हसले. "बाई, हे नाव वल्हवण्याइतकं सोपं नाही."

"खरं हाय पंत. नावंत बुडायचं भ्या असतं, म्हनून मानसं निदान गप बसत्यात."

ठकू कोठीत शिरली. बरण्या बाजूला सारून तिने सर्व्हरची फाईल उघडली, चार ओळी लिहिल्या आणि तेलकट हात पुसत बाहेर आली.

"झालं."

"एवढ्यात?"

"म्हाराज, तुमच्या घरी आल्याला पाव्हना उठताना काय म्हनतो?"

"येतो म्हणतो."

"मग तुमी?"

"मी म्हणतो, या."

"त्यावर पाव्हना काय बोलतो?"

महाराज विचारात पडले. "काही नाही. निघतो."

"मग बैठकीतला शेवटचा शब्द कुनाचा? ह्यो सर्व्हर म्हंजे तुमचं घर. हितनं जायाचं तर 'येतो' लिवायचं, न्हाईतर दार उघडनार न्हाई. आन् लिवलं की सर्व्हर तुमच्या नावानं 'या' म्हननार आन् दार लावनार."

पंतांनी लगेच फोन काढला. 'येतो' म्हणून उठायचं आणि मग उंबऱ्यात तासभर बोलत उभं राहायचं, ही पंतांची जुनी खोड. त्यांनी लिहिलं, "येतो महाराज." आणि पुढे "पण जाता जाता एक सांगतो" असं लिहायला घेतलं, तोवर पडद्यावर "महाराज: या" असं उमटलं आणि पंत बाहेर. तीस वर्षांत प्रथमच त्यांचं 'जाता जाता' जागच्या जागी राहिलं. महाराजांनी खुशीने मांडीवर थाप मारली.

बघता बघता बातमी फुटली, की महाराज सगळ्यांना मानाने 'या' म्हणतात. धनगरवाडीचा बिरू आत आला, 'येतो' लिहून 'या' घेऊन गेला आणि लगेच दुसऱ्या 'या'साठी परत आला. त्याच्यामागे बायको, सासू, मेव्हणा. पाच मिनिटांत निम्मं संस्थान आत-बाहेर करू लागलं. पडदाभर या, या, या! सर्व्हरचा पंखा घरघरला आणि बरण्यांची झाकणं थरथरू लागली.

"मेंढक्यालाही 'या'?" पंत कळवळले.

"माझ्या घरून निघालेल्याला काय 'चालता हो' म्हणू?" महाराज खेकसले.

पण हट्टी तो हट्टीच. "थांब पोरी. ज्याने 'येतो' म्हटलंच नाही, त्याचं काय?"

"त्याचं बोलनंच संपलं न्हाई म्हाराज. मग त्यात शेवटचा शब्द आला कुठनं?"

महाराज ताडकन उठले, कोठीत गेले आणि त्यांनी वायर मुठीत धरली. "आणि मी उठलो तर? मी म्हणणार 'येतो', आणि मला 'या' म्हणणार हा डबा! म्हणजे माझ्यावर शेवटचा शब्द याचा. सापडली फट!"

त्या मुठीत ठकूच्या सगळ्या काठाची हाक होती. पण ती हसली.

"म्हाराज, रोज निजायला जाताना तुमी घरात कुनाला 'येतो' म्हनून जाता?"

"माझंच घर. मी कशाला म्हणू?"

"चौथी ओळ त्याचीच हाय. तुमी फोन बंद करा, शिकारीला जावा, न्हाईतर घोरत पडा. तुमचं नाव बैठकीतनं हलायचं न्हाई. येत्यात-जात्यात ती पाव्हनी. घरधनी कुठं जातोय?"

महाराज वायर धरून तसेच उभे राहिले. मग त्यांच्या पोटातून हसू उसळलं, ते इतकं की पगडी सुटून बरणीवर पडली. वायर सोडून त्यांनी डोळे पुसले.

"पोरी, आजपासून या सर्व्हरची किल्ली तुझ्याकडे. तुझ्या नावेला नवं इंजिन. आणि या कोठीतली आवडेल ती बरणी उचल!"

ठकूने किल्ली कमरेला खोचली, इंजिन उद्याच पाठवा म्हणून सांगितलं, आणि सगळ्यांत मोठी, कैरीच्या लोणच्याची बरणी उचलून काखेत मारली.