न उठणारी पंगत

एका राज्यात रत्नकेतू नावाचा राजा होता, आणि तो सात महिने जेवत होता. सात दिवस नव्हे, सात महिने! एकाच पाटावर, एकाच ताटात. डोंगरात पुरलेले जुने धन त्याने उकरून आणले, त्यात सोन्याचे एक ताट निघाले, त्या ताटात तो मोठ्या हौसेने जेवायला बसला आणि मग उठलाच नाही. ताट मांडीला चिकटले, मांडी पाटाला आणि पाट जमिनीला. भूक मात्र भागेना.

त्या राज्याची रीत अशी, की राजा उठल्याशिवाय पंगतीतून कोणी उठायचे नाही. तेव्हा प्रधान, राजवैद्य, राजकवी असा सगळा दरबार सात महिने मांडी घालून बसलेला. खोटे कशाला सांगू, ही शिक्षा कोणाला फारशी जड जात नव्हती. प्रधान म्हणे, "ही महाराजांची हौस." वैद्य म्हणे, "ही प्रकृतीची मागणी." कवी म्हणे, "ही रसिकता." आणि तिघेही जिलब्यांची परात आपल्याकडे ओढत. एकाच गोष्टीला इतकी गोंडस नावे मिळाली, की तिच्याकडे नीट पाहण्याचे कारणच कोणाला उरले नाही.

पाहत होती ती एकटी येसूआई. ती राजाची दाई. राजाची आई बाळंतपणातच गेली, तेव्हापासून येसूआईनेच त्याला भरवले आणि वाढवले. आता मुदपाकखाना तिच्या हाती होता. एकामागून एक कोठारे रिकामी होताना तिने पाहिली. शेवटी बियाण्याची एक कणगी तेवढी उरली, आणि पेरणीला दहा दिवस राहिले. ती कणगी चुलीवर चढली असती तर पुढच्या वर्षी राज्यात कोणाच्याही घरी चूल पेटली नसती.

येसूआईने कणगीच्या खोलीला कुलूप घातले, किल्ली कमरेला खोचली आणि स्वयंपाक्यांना सांगितले, "मी येईपर्यंत महाराजांना कंदमुळे वाढा."

तेवढ्यात खिडकीत एक धनेश पक्षी येऊन बसला. तो म्हणाला, "येसूआई, ते ताट शापाचे आहे. शाप कर्दळी मायाविनीचा. सातपानी डोंगरावर ती राहते. माझ्या मागून ये."

"चल," येसूआई म्हणाली. पक्षी बोलतो याचे तिला नवल वाटले नाही. सात महिने जेवणारा राजा पाहिल्यावर कशाचे नवल वाटणार?

चार दिवस चालून ती डोंगरावर पोहोचली. कर्दळी दारातच उभी होती. तिचे केस हिरवे होते आणि सावल्या दोन होत्या. ती म्हणाली, "तीन कामे करशील तर शाप सोडवण्याची वाट सांगीन."

"तिन्ही करीन," येसूआई म्हणाली.

पहिले काम झोपाळ्यांच्या बनातून जाण्याचे. झाडाझाडाला मखमली झोपाळे टांगलेले, आणि प्रत्येकावर एकेक वाटसरू वर्षानुवर्षे झुलत पडलेला. येसूआईचे पाय दुखत होते. तरी ती पदर खोचून सरळ पार निघून गेली.

दुसरे काम उसाच्या रसाच्या तळ्यातून ओंजळभर रस पिऊन परत फिरण्याचे. काठावर माणसे पालथी पडून पीत होती. येसूआई एक ओंजळ प्याली, तिने तोंड पुसले आणि ती मागे वळली.

तिसरे काम त्या मानाने अगदीच सोपे दिसत होते. अंगणात चारेक वर्षांची एक मुलगी बसली होती. कर्दळीने येसूआईच्या हातात तीन लाडू दिले. "हिला एकच द्यायचा. आणखी मागेल, तो द्यायचा नाही."

मुलीने लाडू खाल्ला, हात पुढे केला आणि ओठ काढला. डोळ्यांत पाणी आले. येसूआईने दुसरा दिला. मुलीचे पाय घोट्यापर्यंत मातीत रुतले. मुलगी मोठ्याने रडू लागली. रुतलेले पाय येसूआईला दिसत होते, चांगले दिसत होते, पण रडणे तिला सोसवेना. तिने तिसराही दिला. मुलगी कमरेपर्यंत मातीत गेली.

कर्दळीने टाळी वाजवली, आणि मुलगी विरून गेली. कर्दळी म्हणाली, "चैन तुला हरवू शकली नाही, चंगळही नाही. लाडांपुढे हरलीस."

"लाड म्हणजे माया असते," येसूआई म्हणाली.

"तुझ्या राजालाही तू त्याच्यासाठी देत होतीस, की त्याचे रडणे तुला नको होते म्हणून? माझ्या ताटाने त्याला फक्त बसवले, बाई. उठायला तू त्याला कधी शिकवलेच नाहीस. तिसरे काम अजून बाकी आहे. ते घरी जाऊन कर."

येसूआईला अशी लाज आयुष्यात वाटली नव्हती. वाटेत अन्न तिच्या घशाखाली उतरेना.

नवव्या दिवशी सकाळी ती राजवाड्यात आली. कंदमुळे संपत आली होती. राजा ताट बडवत होता.

"येसूआई, कणगी फोड!"

"नाही," येसूआई म्हणाली. तीस वर्षांत हा शब्द तिने त्याला पहिल्यांदा ऐकवला. ती त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

प्रधान घाईघाईने म्हणाला, "येसूआई, महाराजांची हौस..."

"हौस नव्हे, प्रधानजी. हे लाड आहेत. मी केले, मीच बंद करते."

राजा ओरडला. "तुझे डोके उडवीन!"

"उडवा. त्याआधी किल्ली विहिरीत जाईल."

मग राजा रडला. अगदी लहानपणी रडायचा तसाच, हुंदके देत. येसूआईचे काळीज तुटत होते. हात दोनदा किल्लीकडे गेला आणि दोनदा तिने तो मागे घेतला. दुपार झाली, ऊन कलले. सात महिन्यांत पहिल्यांदाच ताट रिकामे राहिले. ताटात बघण्यासारखे काही नव्हते, म्हणून राजाने मान वर केली. समोर येसूआई होती. गाल बसलेले, ओठ सुकलेले, पायांना फोड.

तो बराच वेळ पाहत राहिला. मग हळूच म्हणाला, "येसूआई, तू जेवलीस का ग?"

ताट मांडीवरून सुटले आणि खणकन फरशीवर पडले. राजा उठून उभा राहिला. त्याच्यामागे सगळी पंगत उठली, आणि शंभर गुडघे एकदम कडाडले. शाप तुटला.

राजा स्वतः मुदपाकखान्यात गेला. तिथे उकडलेले एकच रताळे शिल्लक होते. ते घेऊन तो येसूआईजवळ बसला आणि तिला घास भरवला. इतक्या वर्षांत तिला कोणी भरवले नव्हते. ती ढसाढसा रडली, आणि रडता रडता जेवली. उरलेले अर्धे रताळे राजाने खाल्ले. त्याचे पोट भरले.

दुसऱ्याच दिवशी ताट डोंगरात परत गेले, कणगी शेतात गेली, आणि पेरणी वेळेवर झाली. राजा उठला, पंगत उठली, शेते हिरवी झाली. ऐकणाऱ्यांनो, आता तुम्हीही उठा.