ओलीस गेलेला अमात्य

फार पूर्वी मेखला नगरीत भद्रसेन राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याच्या दरबारी सौमिल नावाचा अमात्य होऊन राहिला होता. राजाचा धाकटा भाऊ वीरसेन सिंहासनावर हक्क सांगत नदीपलीकडे तळ देऊन बसला होता. कित्येक वर्षे एकाच राज्यातली माणसे एकमेकांना मारत होती. शेते ओस पडली. सौमिलाचा एकुलता एक मुलगाही गेला, तोही खुद्द वीरसेनाच्या बाणाने.

तरी तह करा म्हणणारा दरबारात एकटा सौमिलच. सूड सूड म्हणून घसा कोरडा करणाऱ्यांपैकी बहुतेकांची मुले घरी सुखरूप जेवत होती.

शेवटी वीरसेन नगरात येऊन बोलणी करायला तयार झाला. मात्र तो परत येईपर्यंत राजाचा एखादा माणूस तळावर ओलीस हवा, अशी त्याची अट होती. राजाने सौमिलाला बाजूला घेतले आणि सांगितले, की कुणा हुजऱ्याला पाठवू, वीरसेन वेशीत शिरला की तिथेच कापू. युद्धही संपेल आणि तुमच्या मुलाचा सूडही घेतला जाईल.

मुलाचे नाव निघताच क्षणभर सौमिलालाही ते हवेसे वाटले. मग तो म्हणाला, "महाराज, ओलीस मी जातो. पुढे आपल्याला योग्य वाटेल ते करा."

तळावर त्याला पाहून वीरसेन चपापला. "तुमच्या मुलाला मीच मारले. आणि तुम्ही माझ्यासाठी जीव धोक्यात घालता?"

"तुमच्या एकट्यासाठी नाही," सौमिल म्हणाला. "अजून पुष्कळांची मुले जिवंत आहेत."

वीरसेन गेला. सौमिल पहारेकऱ्यांमध्ये बसून वेशीकडे पाहत राहिला. तिथे दगा झाला तर आपली मान उडणार, हे त्याला ठाऊक होते. ऊन डोक्यावर आले, कलले, तरी काही कळेना.

मग दोघे भाऊ पायीच नदी उतरून येताना दिसले. राजा सौमिलापुढे मान खाली घालून उभा राहिला. "माणसे दबा धरून बसवली होती. इशारा करायला हात वर केला आणि तुम्ही आठवलात. तोच हात मग याच्या खांद्यावर ठेवला."

मुलगा गेल्यापासून सौमिलाने डोळ्यांतून टिपूस काढले नव्हते. राज्य दोघांनी मिळून चालवायचे ठरले, तेव्हा तो मनसोक्त रडला. वीरसेन त्याच्याशेजारी बसून राहिला.

आपापसांत बोलणे टाकलेल्या भिक्षूंना ही कथा सांगून शास्ते, म्हणजे त्यांचे गुरू, म्हणाले, "तेव्हाचा भद्रसेन आज माझा शिष्य आनंद आहे, वीरसेन सारिपुत्त आहे, आणि सौमिल मीच होतो. मुलाच्या मारेकऱ्यासाठी मी जिथे बसून वाट पाहिली, तिथे माझ्या हातून क्षांती पारमिता, म्हणजे क्षमेची परिपूर्णता, घडली."