वीतभर शेला

फार पूर्वीच्या एका बुधवारी, ना सणाच्या ना उपासाच्या, एका गावातली एक विणकरीण रोजच्यासारखी मागावर बसली होती. सकाळचं ऊन अंगणात अर्ध्यावर आलं होतं. चुलीवर डाळ शिजत होती. कुणाच्या तरी लेकीच्या लुगड्याचा काठ विणायचा होता, आणि धोटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे धावत होता. तेवढ्यात गावचा कोतवाल दारात येऊन उभा राहिला.

"काकू, आनंदाची बातमी! सनईवाल्या नानांना शाल ठरली. या जत्रेला. पाटलांनी सांगितलंय, या वेळची झकास पाहिजे. काठ रुंद, दशा लांब."

विणकरणीचा धोटा हातातच राहिला.

"नानांना सांगितलं का?"

"छे! त्यांना आयत्या वेळी कळायचं. त्यातच तर मजा." कोतवालाने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्हीही कुठे बोलू नका हं. मी आत्तापर्यंत फक्त चौघांना सांगितलंय."

विणकरीण पाचवी. कोतवाल सहाव्या घराकडे निघाला.

या गावाला कौतुक करायची भारी हौस होती. कुणी गाण्यात, वाजवण्यात, कुस्तीत किंवा धावण्यात नाव काढलं आणि त्याचे केस पिकले, की गाव त्याला शाल पांघरायचं. वडाच्या पारावर त्याच्यासाठी एक लाकडी खुर्ची मांडली जायची. मग दर जत्रेला त्याने शाल घेऊन त्या खुर्चीत बसायचं आणि लोकांनी येता-जाता नमस्कार करायचा. एवढ्या मानाच्या माणसाला पुन्हा घाम गाळायला लावणं गावाला बरं वाटत नसे. शिवाय खांद्यावरची शाल उतरवणं म्हणजे गावाचा मान उतरवणं. त्यामुळे शाल मिळाली, की वाद्य पेटीत आणि लंगोट खुंटीवर. हा नियम कुणी लिहिलेला नव्हता. कुणी मोडलेलाही नव्हता.

आता नानांची पाळी का आली, तेही गावाला ठाऊक होतं. मागच्या जत्रेत सनई वाजवताना, सूर वर चढत असताना, नानांचा श्वास मध्येच तुटला होता. नानांनी लगेच सावरलं, पण सगळ्यांनी ते ऐकलं होतं. "चुकचुक," लोक म्हणाले, "थकले आता नाना. नाव चांगलं आहे तोवर शाल द्यावी."

दुपार कलायच्या आत नाना स्वतःच विणकरणीच्या दारात आले. कोतवालाने पोटात ठेवलेली गोष्ट एवढ्या वेळात गावभर फिरून त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"वहिनी, माप द्यायला आलोय," ते ओसरीवर बसत म्हणाले.

"शालीला कुठे माप लागतं, नाना?"

"तेच म्हणतो मी. माप न घेता माणसाच्या अंगावर दोनच कपडे घालतात. त्यातली शाल आधी येते."

विणकरणीला हसू आलं आणि आल्याचं वाईटही वाटलं. तिने त्यांना पाणी दिलं. "लोक प्रेमाने देतात हो," ती म्हणाली.

"प्रेमानेच देतात. म्हणून तर नाही म्हणता येत नाही." नानांनी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "एक सांगू? मला एक जागा सापडलीय. पन्नास वर्षं वाजवलं, पण तेव्हा छातीत श्वास भरपूर होता. सूर धरला की सोडायची गरजच पडायची नाही. आता मध्येच थांबावं लागतं. तर परवा असाच थांबलो, आणि लक्षात आलं, मी थांबलो तरी सूर थांबलेला नाही. ऐकणाऱ्याच्या कानात तो चालूच राहतो. मग पुढचा सूर कुठून उचलायचा, केवढा उचलायचा, सगळंच बदलतं. तरण्या वयात हे मला कुणी सांगितलं असतं, तरी वाजवता आलं नसतं. आणि आता वाजवता येतंय, तर गाव म्हणतंय, बसा."

ते उठले. दाराशी जाऊन परत वळले.

"विणू नका असं सांगायला नाही आलो हं. तुमचा धंदा आहे. फक्त कुणाला तरी सांगायचं होतं."

ते गेल्यावर विणकरणीने लुगडं बाजूला ठेवलं आणि शालीचं सूत काढलं. आजवर तिने आठ शाली विणल्या होत्या. पहिली कुस्तीतल्या वस्तादांची. दुसरी आबांची, जे एके काळी पहाटे घाट चढून दुपारच्या आत वैद्याला घेऊन परत यायचे. पाचवी तिच्या नवऱ्याची. तो गात असे. प्रत्येक शाल तिने मन लावून विणली होती, आणि प्रत्येक वेळी लोक म्हणाले होते, काय सुरेख काम आहे.

तिने ताणा भरला. मग बराच वेळ नुसतीच बसून राहिली. मग बरेचसे दोरे पुन्हा सोडवून काढले, आणि उरलेल्यांवर विणायला घेतलं.

जत्रेचा दिवस आला. पारावर पाच खुर्च्यांत पाच शाली बसल्या होत्या, कारण आठांपैकी तिघे तोवर देवाघरी गेले होते. सहावी खुर्ची नवी कोरी होती. समोरच्या आखाड्यात परगावचा एक तरणा पैलवान गावातल्या चार गड्यांना पाठोपाठ चीत करून, अंगाची माती झाडत विचारत होता, "या गावात आणखी जोड नाही का?" गावकरी खाली माना घालून रेवड्या खात होते.

तेवढ्यात पाटील पारावर चढले आणि सगळे तिकडे वळले. पाटलांना भाषणाची आवड होती.

"नानांनी या गावाचं नाव सात गावांत नेलं," ते म्हणाले. "त्यांनी वाजवलं, आपण ऐकलं. आता त्यांना त्रास नको. आता त्यांनी निवांत बसावं आणि आपण त्यांच्याकडे डोळे भरून बघावं!"

"बघायचंय काय त्यात?" गर्दीतून एक म्हातारी ओरडली. "नाना काय देखणे आहेत होय? ऐकायचे आहेत ते!"

लोक हसले. नानाही हसले, पण त्यांचा एक हात सनईवरून हलला नव्हता. पाटलांनी न ऐकल्यासारखं केलं आणि विणकरणीने दिलेली घडी उलगडली.

घडी लांब उलगडत गेली. रुंद मात्र उलगडेना. पाटलांनी ती उलटी करून पाहिली, झटकून पाहिली. काठ झकास होता, दशा लांब होत्या, पण सगळं मिळून रुंदी वीतभर.

"काकू, ही काय शाल आहे? खांद्यावर ठेवली तर दोरीसारखी लोंबेल! सूत संपलं का?"

"नाही पाटील. सूत घरी शिल्लक आहे."

"मग हे काय विणलंत?"

"शेला आहे. कमरेला बांधायचा."

पाटलांचा चेहरा लाल झाला. "गावाने शाल सांगितली होती! भर जत्रेत गावाचं हसं करता? यापुढे गावचं एक सूतसुद्धा तुमच्या मागावर चढणार नाही, सांगून ठेवतो!"

विणकरणीने पदर खोचला. आयुष्यात ती कधी चारचौघांत बोलली नव्हती. पण ती पाराच्या पायरीवरून हलली नाही.

"आठ शाली मी विणल्या, पाटील," ती म्हणाली. "त्या आठांपैकी एकाचा तरी आवाज नंतर तुम्ही ऐकलात का? मी नाही ऐकला. आपण मान देतो आणि माणूस काढून घेतो. नववी माझ्याच्याने होईना."

रेवड्या खाणारेही थांबले. पाटील शेला गुंडाळून परत द्यायला निघाले, तेव्हा पहिल्या खुर्चीतून घोगरा आवाज आला. शाल मिळाल्यापासून इतक्या वर्षांत पारावरून वस्ताद पहिल्यांदाच बोलत होते.

"परत घेता यायचा नाही, पाटील. भरल्या आखाड्यात कुणापुढे शेला धरला, तर तो त्याने बांधायचा. आणि बांधला, की उतरायचं. हा नियम तर शालीच्याही आधीचा."

"पण हा आखाडा नाही, पार आहे!"

"आखाडा दहा पावलांवर आहे," वस्ताद म्हणाले. "मोजू का?"

लोक पुन्हा हसले, आणि या वेळी ते हसणं पाटलांच्या बाजूचं नव्हतं. नाना पुढे झाले. त्यांनी पाटलांच्या हातून शेला घेतला, कमरेभोवती दोन वेढे दिले, गाठ मारली, आणि सनईची पत्ती ओठांत भिजवली.

सुरुवात त्यांनी खालून केली, अगदी हळू. मागे बसलेल्या साथीदाराने एकच सूर धरून ठेवला होता. नानांची सनई त्या सुराभोवती फिरत फिरत वर जाऊ लागली. लोकांना ती चाल पाठ होती. मागच्या वर्षी श्वास तुटला ती जागा कुठे येते, तेही पाठ होतं. ती जागा जवळ आली तशी माणसं जीव मुठीत धरून बसली. काहींनी चुकचुक करायला ओठांचा चंबूही केला.

आणि बरोबर त्याच जागी सनई थांबली.

पण ती तुटली नव्हती. नानांनीच तिला तिथे सोडलं होतं. त्यांचे डोळे मिटलेले होते, चेहरा शांत होता, आणि त्या मोकळ्या जागेत प्रत्येकाला तो वरचा सूर ऐकू येत होता, जो कुणीच वाजवत नव्हतं. मग नानांनी तो उचलला, इतक्या अलगद, की वाजवलेला सूर कुठला आणि कानातला कुठला ते कुणाला कळलं नाही. पुढे ते पुन्हा थांबले. पुन्हा उचलला. पन्नास वर्षं त्यांना ऐकणाऱ्या गावाने असं कधी ऐकलं नव्हतं. ती म्हातारी डोळ्यांना पदर लावून बसली होती आणि शेजारणीला कोपराने ढोसत होती, म्हणजे तिनेही ऐकावं.

शेवटचा सूर विरला. मग कुणीतरी मोठ्याने ओरडलं, "अजून एकदा, नाना! अजून एकदा!"

ते पाटील होते. आपण काय बोललो हे त्यांना उशिरा कळलं, पण तोवर सगळी जत्रा तेच ओरडत होती.

नाना दुसऱ्यांदा वाजवू लागले, आणि पहिली खुर्ची करकरली. वस्ताद उभे राहिले होते. त्यांनी खांद्यावरची शाल ओढली, तिला पीळ दिला आणि कमरेला आवळून बांधली.

"वस्ताद! शाल उतरवलीत?" पाटील दचकून म्हणाले.

"उतरवली कुठे? जरा खाली सरकवली."

आणि ते दहा पावलं चालून आखाड्यात गेले. परगावचा पैलवान त्यांच्या पांढऱ्या मिशांकडे पाहून हसला. पाव घटकेने तो हसायचा थांबला. त्याची ताकद दुप्पट होती, पण तो जिकडे जोर लावी तिकडे वस्ताद आधीच नसत. त्याने पट काढला, वस्ताद निसटले. त्याने मानेवर कब्जा घेतला, वस्तादांनी नुसतं गुडघा वळवून त्याला स्वतःच्याच वजनाने डगमगवलं. सनईबरोबर संबळ घुमू लागलं. शेवटी पंचांनी कुस्ती बरोबरीत सोडवली. तेव्हा त्या तरण्या पैलवानाने खाली वाकून वस्तादांच्या पायाची माती कपाळाला लावली आणि विचारलं, "वस्ताद, तो गुडघ्याचा डाव मला शिकवाल?"

"उद्या ये," वस्ताद धापा टाकत म्हणाले. "आज दम लागलाय. खोटं कशाला बोलू?"

मग खुर्च्यांना काही धीर निघेना. आबांनी शाल कमरेला बांधली आणि देवळाला वळसा घालायला निघाले. धावणं असं नव्हतंच ते, भरभर चालणंच होतं, पण अर्धी जत्रा त्यांच्यामागे ओरडत, हसत, धडपडत निघाली, आणि पुढे जायचं कुणाच्या मनातही आलं नाही. दिवस मावळायच्या आत पाचही खुर्च्या रिकाम्या झाल्या. मग त्यांत ऐकणारे बसले. पाटील तर सगळ्यांत पुढे होते, जरा शरमून, पण पाय हलवत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाटील स्वतः विणकरणीकडे सूत घेऊन आले. "काकू, रागात बोललो. सोडून द्या," ते म्हणाले. "आणि आता वीतभरच विणत जा. पण लांबी कमी करू नका. काहींची पोटं सुटलीत."

तेव्हापासून त्या गावात शाल कुणाला मिळाली नाही. केस पिकले, की शेला मिळायचा, आणि तो बांधताना गाव विचारायचं, "आता नवीन काय सापडलंय?" नानांनी त्यानंतर आणखी सात जत्रा वाजवल्या. दर वर्षी त्यांचा श्वास थोडा कमी झाला, आणि दर वर्षी लांबलांबची जास्त माणसं ऐकायला आली. आठव्या वर्षी त्यांनी आपण होऊन सनई साथीदाराच्या हातात दिली आणि म्हणाले, "आता मी ऐकतो." त्या दिवशी त्यांना कुणी चुकचुक केली नाही.

तात्पर्य एवढंच: ज्यांचे हात कलेत पिकले आहेत त्यांचा मान करायचा असेल, तर त्यांना बसवू नये, आपण त्यांच्यासमोर बसावं, आणि 'आता पुरे' म्हणायचा हक्क त्यांच्याकडेच ठेवावा.

विणकरणीचा नवरा शाल मिळाल्यावर चार वर्षं तिच्यासोबत त्या घरात राहिला. 'एकदा गा', एवढं त्याला म्हणायचं तिच्याकडून राहून गेलं.