मधली फांदी

फार वर्षांपूर्वी, मोठ्या वडावर पाखरांचं नगर होतं. त्याच्या बाहेर, विहिरीवर झुकलेल्या एका बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती वाढू लागली होती. मधली रुंद फांदी तेवढी मोकळी असायची. तिथे सगळे गप्पांना जमायचे, पिल्लं उडायला शिकायची.

एका वर्षी बरीच नवी जोडपी आली. वस्तीचा म्होरक्या केशर म्हणाला, "मधल्या फांदीवर घरटी बांधू."

"मग पिल्लांनी पंख कुठे पसरायचे?" रेवा सुगरणीने विचारलं.

"आणि या जोडप्यांनी कुठे राहायचं?"

रेवाने पाण्यावर लोंबणाऱ्या बारीक फांद्यांकडे पाहिलं. "तिकडे. पहिलं घरटं आमचं."

तिथे वारा फार होता. रेवाच्या जोडीदाराने दुहेरी वीण घालून घरटं विणलं आणि रेवाने त्यात अंडी घातली. वादळात घरटं विहिरीवर गरगर फिरलं, पण वीण सुटली नाही. मग नवी जोडपीही तिकडेच विणू लागली.

पुढच्या वर्षी वडावरच्या पक्षिणी पिल्लं घेऊन आल्या. "आमच्याकडे उडायला शिकवायला जागाच उरली नाही हो!"

केशरची छाती फुगली. "या, बसा. ही फांदी आमच्या रेवाने राखलीय."