आकड्याची खिटी

एकदा एक वृद्ध विहीर खोदणारा होता. नगरकडच्या खडकाळ माळावर त्याने आयुष्यभर विहिरी पाडल्या. त्याच्या टोळीतले सगळे ख्रिस्ती. रविवारी चर्चला जाणारे आणि सोमवारी खडकाला भिडणारे. सगळे त्याला नाना म्हणत.

टोळीचा एक रिवाज होता. विहिरीच्या काठावर यारी, म्हणजे माणसे आणि दगड वर-खाली करायचे यंत्र, उभी असते. यारीच्या तारेला आकडा, आकड्याला लोखंडी डबा. माणूस त्या डब्यात बसतो आणि वर ब्रेकवरचा माणूस त्याला हळूहळू खाली सोडतो. उतरणारा आधी म्हणायचा, "जीव तुझ्या हातात." ब्रेकवरचा उत्तर द्यायचा, "देवाच्या हातात." हे उत्तर आल्याशिवाय कोणी उतरत नसे.

नानांच्या हाताखाली एक तरुण हे काम शिकत होता. त्याचा थोरला भाऊ याच टोळीत घण मारायचा. एका सकाळी भाऊ डब्यात बसला आणि म्हणाला, "जीव तुझ्या हातात." ब्रेकवर सायमन होता. तो म्हणाला, "देवाच्या हातात," आणि त्याने ब्रेक सैल केला. कडी निसटू नये म्हणून आकड्याच्या तोंडात एक खिटी घालावी लागते. ती सायमनकडून घालायची राहिली होती. पाच परस खाली, म्हणजे तीस फुटांवर, खडकाचा एक कंगोरा पुढे आलेला होता. डबा त्यावर टेकला, तार क्षणभर ढिली पडली आणि डब्याची कडी आकड्यातून निसटली. खाली आणखी पाच परस होते.

भाऊ गेल्यावर काय होते, ते ज्याचा गेला त्यालाच कळते. बाकीचे डोक्यावर हात ठेवतात आणि आपापल्या घरी जेवायला जातात.

तिसऱ्या रविवारी सायमन चर्चमध्ये उभा राहिला. रडला. चूक कबूल केली. पाळकांनी तरुणाकडे पाहिले, मग सगळ्या मंडळीने पाहिले. तरुण उठला, "माफ केलं" म्हणाला आणि खाली बसला. बायकांनी डोळे पुसले. त्या दिवशी तो दुसऱ्याच कोणाच्या तरी चपला पायात घालून घरी गेला. रात्री काढताना त्याच्या लक्षात आले.

नाना रोज त्याला राग सोडायला सांगत राहिले. दोन महिन्यांनी काम पुन्हा सुरू झाले. दुपारी सगळे भाकरी खायला बसले, तेव्हा सायमनने कांदा फोडून तरुणापुढे धरला.

"घे ना, भाऊ."

"भाऊ म्हणू नकोस. आणि तुझ्या हातचं नको."

सायमनचा हात तसाच राहिला. तरुण नानांकडे वळला. त्याचा आवाज चढला होता.

"नाना, एकदा याला डब्यात बसवा. ब्रेकवर मी बसतो. मग बघू देवाचे हात!"

नानांनी तोंडातला घास शांतपणे चावून गिळला.

"उद्या सकाळी," ते म्हणाले.

सकाळी उन्हे काठावर आली तेव्हा नानांनी तरुणाला ब्रेकवर बसवले. मग म्हणाले, "तुझ्या भावाचा घण अजून खालीच पडलाय. तो वर आणायचा. सायमन, बस डब्यात."

सायमन मान खाली घालून बसला. आणि नानाही त्याच्या शेजारी डब्यात चढले.

शेताचा मालक काठावर उभा होता. तो म्हणाला, "नाना, तुमचं वय काय, तुम्ही बसताय कशात!"

"मग काय करू? तुमच्या विहिरीला अजून पायऱ्या कुठे आहेत?"

मालक हसला. तरुण हसला नाही. त्याची नजर आकड्यावर गेली होती. खिटी आकड्यात नव्हती. आपल्या छोट्या साखळीला ती बाजूला लोंबत होती. नानांची पाठ तिकडे होती. सायमन आपल्या पायांकडे बघत होता. मालक विहिरीत वाकून बघत होता. ती खिटी फक्त त्या तरुणाला दिसत होती.

"जीव तुझ्या हातात," नाना म्हणाले.

तरुणाने उत्तर दिले नाही. नानांनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्यांनी नुसता हात खाली केला: सोड.

तरुणाने ब्रेक सैल केला.

तारेवर परसापरसाला लाल चिंध्या बांधलेल्या होत्या. पहिली चिंधी कप्पीवरून गेली. डबा काठाखाली दिसेनासा झाला. तरुणाला भावाचा शेवटचा चेहरा आठवला. तो हसत होता, कारण डब्यात बसताना त्याने सदऱ्याचे बटण उलटे लावले होते आणि सायमनने त्याची चेष्टा केली होती. दुसरी चिंधी गेली. काही करायचे नव्हते. नुसते बसून राहायचे होते. मग तोही चर्चमध्ये उभा राहिला असता, रडला असता, खिटी राहून गेली म्हणाला असता. लोकांनी त्यालाही माफ केले असते. तिसरी चिंधी गेली. ब्रेकचा दांडा हातातल्या घामाने निसरडा झाला. चौथी चिंधी कप्पीजवळ आली.

"खिटी!" तो ओरडला. त्याने दोन्ही हातांनी ब्रेक आवळला. "हलू नका! दोघंही हलू नका! खिटी नाहीये!"

डबा जागच्या जागी लोंबकळत राहिला. तरुणाने तो जराही हिसका न देता, तसूतसूने वर घेतला. डबा काठावर टेकल्यावर तो धावला आणि खिटी आकड्यात बसवू लागला. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा बसली. मग तो तिथेच मातीत बसला.

सायमन पांढराफटक पडला होता. नाना शांत होते. तरुणाने त्यांच्याकडे पाहिले आणि त्याला कळले.

"तुम्ही काढली होती."

"हो."

"मी थांबवलं नसतं तर?"

"तर दोघं गेलो असतो."

"वेडे आहात तुम्ही! म्हातारे झालात आणि वेडे झालात!"

"असेन," नाना म्हणाले. "पण ऐक. दोन महिने मी तुला काठावर उभा राहून उपदेश केला. काठावरून उपदेश सोपा असतो. प्रभू काठावर थांबला नाही. ज्यांनी पाप केलं त्यांच्या शेजारी उतरून बसला आणि आपला जीव माणसांच्या हातात दिला. मला दुसरी रीत ठाऊक नाही. आणि चूक एकट्या सायमनची नाही, माझीही आहे. 'देवाच्या हातात' हे उत्तर मीच तुम्हाला शिकवलं. तसं म्हणताना आपले हात बाजूला ठेवायची आपल्याला सवय लागली. चर्चमध्ये तू तोंडाने माफ केलंस, पोरा. आज हाताने केलंस."

"माझा राग गेला नाही, नाना."

"असू दे. राग असताना खिटी घातलीस. मला एवढंच हवं होतं."

तरुण उठला, ब्रेकवर जाऊन बसला आणि हात सदऱ्याला पुसले. नाना आता काठावरच थांबले. डब्यात एकटा सायमन होता. त्याने मान वर करून तरुणाकडे पाहिले.

"जीव तुझ्या हातात."

तरुण उठून आकड्यापाशी गेला, खिटीला बोट लावून पाहिले आणि परत ब्रेकवर बसला.

"हो," तो म्हणाला. "माझ्या हातात. बस नीट, सायमनदादा."

चिंध्या एकेक करून गेल्या. पाचव्या चिंधीला डबा कंगोऱ्यावर टेकला, तार क्षणभर ढिली पडली, आणि पुन्हा ताठ झाली.