मास्तरांच्या परसबागेचा नकाशा

"पण आक्का, यात चूक आहे तरी कुठे? तेवढंच सांगा!"

घाणेकर मास्तर अगदी घायकुतीला आले होते. शाळेत चाळीस वर्षं चित्रकला शिकवलेला माणूस. परसबागेचा नकाशा असा देखणा रंगवला होता की बघत राहावं. पार टोकाला लाल टोमॅटो, त्याअलीकडे जांभळी वांगी, मधे हिरवीगार मेथी, कडेला अळू, कुंपणावर तोंडल्याचा वेल. ओट्यावर खुर्ची टाकून बसलं की सगळं एका नजरेत यावं, ही त्यातली खुबी.

पण लागोपाठ दोन वर्षं त्यांची बाग पाडव्याच्या आतच वाळून गेली होती. यंदा माघातच बायकोनं, यमुनाबाईंनी, निक्षून सांगितलं होतं, आता वाळली तर परसात फरशी घालायची.

म्हणून ते टेकडीवरच्या मठीत धोंडाक्कांकडे आले होते. आक्का ऐंशीच्या पुढच्या. भल्याभल्यांना अरेतुरे करायच्या, आणि त्यांचा मळा भर उन्हाळ्यातही हिरवा असायचा.

आक्कांनी नकाशा सुलटा पाहिला, मग उलटा धरून पाहिला.

"पाणी कोण घालतं?"

"हीच घालते की. म्हणजे, घालायची... दोन्ही वर्षं फाल्गुनात तिची कंबर धरली."

"अस्सं..."

आक्कांनी चुलीतली राख टोपलीभर आणून पुढ्यात ठेवली.

"काढ इथं अंगणात. परसात आहे तेवढाच मोठा."

मास्तर खुलले. आक्कांच्या आडालाच आपली विहीर समजून त्यांनी राखेनं वाफे आखले. काय ती रेषा! मग आक्कांनी दोन भरलेल्या बादल्या आणून ठेवल्या.

"घाल पाणी."

टोमॅटो गाठेपर्यंत अर्धं पाणी पायजम्यावर सांडलं. वाट एवढी अरुंद, की दुसऱ्या खेपेला मास्तरांचा पाय मेथीतच पडला. चौथ्या खेपेला ते आडाच्या कठड्यावर मटकन बसले.

"आक्का... हे रोज?"

"सकाळ-संध्याकाळ."

मास्तरांनी पायजम्याचा ओला काठ पिळला.

"या खेपांबद्दल यमुना एका शब्दानं बोलली नाही हो..."

त्यांचे डोळे भरून आले. मग ते उठले आणि आपल्याच सुंदर रेषा पायानं फराफरा पुसू लागले. मेथी, टोमॅटो, वांगी आडाजवळ आली. वाट दोन बादल्या जातील एवढी रुंद झाली. अळू न्हाणीच्या पाण्यावर गेलं. लांबच्या कुंपणाला फक्त तोंडल्याचा एक वेल उरला.

पुन्हा बादल्या भरल्या. दोन खेपांत सगळी बाग भिजली, आणि राखेची एक रेघ मोडली नाही!

"जमलं! आक्का, जमलं! यंदा पाडव्याला पानात घरची मेथी!"

सत्तरीचे मास्तर रिकाम्या बादल्या उंचावून अंगणभर नाचले. आक्कांनी तेवढ्यात तो रंगीत नकाशा फाडून चार तुकडे केले आणि त्यांत बियाण्याच्या पुड्या बांधल्या. ते पाहून मास्तर पोट धरून हसले. पुड्या खिशात घातल्या, आक्कांच्या पाया पडले, आणि पोरासारखे पायऱ्या उतरत निघाले.

मागून आक्कांनी हाक मारली.

"मास्तर... घरातल्या बादल्या कुठं असतात, ठाऊक आहे ना रे?"