सोनसळी आणि पाणवेल

काचेच्या टाकीतले मासे आणि झाडं एकमेकांशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट. दूरच्या मोठ्या दुकानात वाढलेल्या सोनसळी मासळीला वाटलं होतं, नव्या घरी पांढरी वाळू आणि प्लास्टिकचा महाल असेल. इथे तर होते मातकट खडे, एक गोगलगाय आणि विसकटलेली पाणवेल.

"आधी ही टाकी नीटनेटकी करायला हवी," म्हणत ती वेलीची मुळं उपटू लागली.

"शिकून आलेली दिसतेय," गोगलगाय पुटपुटली.

वेल एवढंच म्हणाली, "पानं खा गं बाई, पण चार मुळं राहू दे."

दुपारी वीज गेली. पाण्यात हवा सोडणारं यंत्र थांबलं आणि सोनसळीचा जीव घुसमटू लागला.

"माझ्यापाशी ये," वेल म्हणाली.

खिडकीतल्या उन्हात तिच्या उरल्यासुरल्या पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे धरत होते. वीज येईपर्यंत सोनसळी तिथेच श्वास घेत राहिली. इतक्या साध्या पानांत एवढा जीव असेल, असं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तोंडात एक खडा धरला, उपटलेल्या एका मुळावर अलगद ठेवला आणि दुसरा खडा शोधायला निघाली.